खडकावरची उशी

सामान्य काळातील पंधरावा रविवार
वाचने : यशया ५५:१०-११, रोमकरांस ८:१८-२३, मत्तय १३:१-२३



आज आपण पेरणाऱ्याचा दाखला ऐकला. दर तीन वर्षांनी ऐन पावसाळ्यात, शेतात भाताची लावणी चालू असताना हा दाखला आपल्या वाचनात येतो. त्यामुळे तो समजावून सांगायला आम्हा धर्मगुरूंना फारसे कष्ट पडत नाहीत. पायवाट, खडक, काटे आणि चांगली जमीन हे चारही प्रकार आपल्या लोकांनी स्वतःच्या पायांनी तुडवलेले आहेत. प्रवचन संपते, लोक माना डोलावतात आणि आम्हांला वाटते, काम झाले.

मागच्या वेळी मात्र तसे झाले नाही. मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रे उतरवत होतो, तेवढ्यात एक माउली सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फादर, एक विचारू? तुम्ही सांगितलंत, खडकावर पडलेलं बी करपून जातं. आमचं घर तर सगळा खडकच आहे. घरधनी बाटलीच्या नादी लागलेत. मुलगा घरात असून बोलत नाही. म्हणजे आमच्या घरात देवाचं बी कधी रुजणारच नाही का?"

त्या दिवशी आम्ही घाईत होतो. पुढच्या मिस्साची घंटा होणार होती. "प्रार्थना करत राहा, मावशी, देव आहे," एवढेच आम्ही बोललो. "बरं फादर," म्हणून त्या निघून गेल्या. त्यांच्या तोंडावरून आम्हांला कळले की त्यांना उत्तर मिळालेले नाही. आज त्यांच्या परवानगीने तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवत आहोत, कारण आम्हांला खात्री आहे की या मंदिरात आज बसलेल्या पुष्कळांचा तोच प्रश्न आहे. कुणाच्या घरात आजारपण आहे, कुणाचे कर्ज फिटत नाही, कुणाच्या भावाभावांत वाडीच्या हद्दीवरून बोलणे बंद आहे. दाखला ऐकताना प्रत्येक जण मनात म्हणतो, आपण त्या चांगल्या जमिनीतले नाही.

खरे सांगायचे तर या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका बागेत आधीच मिळालेले होते. त्या घाईत ते आठवले नाही.

काही वर्षांपूर्वी जून आणि जुलै असे दोन महिने आम्ही स्कॉटलंडमधील एका लहानशा पॅरिशमध्ये, तिथले धर्मगुरू सुट्टीवर गेल्यामुळे, त्यांच्या जागी सेवेला होतो. चर्चची दारे उघडणे, मेणबत्त्या लावणे, गवत कापणे ही सगळी कामे एक वृद्ध गृहस्थ विनामोबदला करीत. पत्नी वारलेली, मुले दूर. धर्मगुरूंच्या घरामागे त्यांनी एक खडकबाग केली होती.

खडकबाग हा प्रकार आपल्याकडे फारसा नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. उंच डोंगरांवर, जिथे झाड उभे राहू शकत नाही, तिथे खडकांच्या भेगांत उगवणारी बुटकी फुलझाडे घरच्या अंगणात जगवायची, यासाठी ब्रिटनमधील लोक गेली दीडशे वर्षे धडपडत आले आहेत. लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानात १८८२ साली अशी बाग तयार झाली. रेजिनाल्ड फॅरर नावाच्या गृहस्थांनी १९०७ आणि १९१९ साली या विषयावर पुस्तके लिहिली आणि मातीचा ढीग करून त्यावर दगड खोचून ठेवणाऱ्यांची चांगलीच थट्टा केली. दगड शोभेसाठी नसतो. त्याचा मोठा भाग जमिनीत गाडलेला असावा लागतो, कारण रोपाला खरा उपयोग होतो तो दगडाच्या न दिसणाऱ्या भागाचा. वर कितीही ऊन तापले तरी दगडाखालची माती गार आणि ओलसर राहते.

आमच्या त्या म्हाताऱ्यांची बाग म्हणजे तीन दगडी डोणी. पूर्वी त्या गुरांना पाणी पाजण्यासाठी वापरत. तळाला भोके पाडून, त्यांत माती, कुजलेला पाला आणि बारीक खडी भरलेली. माती कमी, खडी जास्त. मधे मधे दगडाच्या चिपा उभ्या खोचलेल्या आणि चिपांच्या फटीत रोपे. एकेक रोप म्हणजे एकेक हिरवी उशी. उंची दोन-तीन बोटे, रुंदी फार तर भाकरीएवढी. हात ठेवला तर पाने इतकी घट्ट की बोट आत शिरत नाही. एका उशीत शेकडो इवलेसे तुरे एकमेकांना चिकटून बसलेले. मार्च महिन्यात, कधीकधी बर्फ पडत असतानाच, ती उशी फुलांनी झाकून जाते, हिरवे दिसतच नाही, असे ते सांगत. आम्ही गेलो तेव्हा फुले संपली होती.

यातल्या बऱ्याच रोपांचे नाव सॅक्सिफ्रेज. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ होतो 'खडक फोडणारे'. आपल्या वैद्यांना ठाऊक असलेला हिमालयातला पाषाणभेद याच कुळातला. त्याच्याही नावात दगड फोडणे आलेच.

आम्ही पडलो वसईचे. वाडीत वाढलेलो. मोगरा, केळी, पानवेल यांना पाणी घालता घालता मोठे झालो. त्या खडीत बसलेली रोपे पाहून आम्हांला त्यांची कणव आली. ते गृहस्थ आठवडाभर मुलीकडे जाणार होते. "बाग तशीच राहू द्या, फादर, काही करायची गरज नाही," असे ते सांगून गेले. आम्ही ऐकले नाही. सर्वांत मोठ्या उशीवर आम्ही रोज संध्याकाळी झारीने पाणी घातले. गोदामात खताची पिशवी दिसली, त्यातले मूठभर खतही टाकले. दोनच दिवसांत पाने तजेलदार दिसू लागली. आम्ही मनात खूश.

ते परत आले त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्या उशीच्या मधोमध एक तपकिरी ठिपका दिसला. मग तो रुपयाएवढा झाला, मग तळहाताएवढा. आतून ती कुजत चालली होती. बारा वर्षांची उशी होती. त्यांच्या पत्नीने लावलेली.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही तिच्यावर दया केलीत, फादर. तिला दयेची गरज नव्हती." आणखी दोन दिवसांनी, सोमवारी, त्यांनी आम्हांला गाडीत घातले आणि बेन लॉअर्स नावाच्या डोंगरावर नेले.

हा डोंगर १२१४ मीटर उंच आहे आणि डोंगरी फुलांसाठी साऱ्या ब्रिटनमध्ये प्रसिद्ध आहे. वर ढग होते, वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती. झाड नाही, झुडूप नाही. नुसता खडक. आणि त्या खडकावर, आमच्या पायाशी, गुलाबी फुलांनी भरलेली एक उशी. मॉस कँपियन हे तिचे तिकडचे नाव. वाऱ्याने आमचे डोळे पाणावत होते, पण त्या उशीचे एक फूल हलत नव्हते. वारा तिच्या अंगावरून निघून जात होता.

तिथे खडकावर बसून त्यांनी आम्हांला जे सांगितले, ते आज आम्ही तुम्हांला सांगत आहोत.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली मुळाची. ही रोपे वर वाढायची घाई करीत नाहीत. पहिली काही वर्षे पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. सगळी ताकद खाली जात असते. बोटभर उंचीच्या रोपाचे मूळ खडकाच्या भेगेतून हातभर, कधी त्याहूनही खोल उतरते, जिथे उन्हाळ्यातही ओल असते. मग फुले येतात. आणि मग ती उशी माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ, शंभराहूनही अधिक वर्षे, त्याच जागी राहते.

आता आजचे शुभवर्तमान पुन्हा ध्यानात आणा. खडकाळ जागी पडलेले बी का मेले? प्रभू येशूने कारण स्पष्ट सांगितले आहे. ते लगेच उगवले, पण माती खोल नव्हती आणि त्याला मूळ नव्हते, म्हणून ऊन चढताच ते करपले. पुढे दाखल्याचा अर्थ सांगतानाही प्रभू म्हणतो तो हाच दोष: वचन आनंदाने स्वीकारले जाते, पण आत मूळ नसल्यामुळे संकट येताच माणूस अडखळतो. आमच्या त्या मावशींनी खडक हा शब्द ऐकला आणि त्या घाबरल्या. मूळ हा शब्द त्यांच्या कानांवर पडावा असे प्रवचन आम्हीच केले नव्हते. ती चूक आमची.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती भेगेची. "ही कुठे उगवली आहे ते नीट पाहा," ते म्हणाले. आम्ही वाकून पाहिले. सपाट, गुळगुळीत खडकावर काहीच नव्हते. जिथे खडक तडकला होता तिथेच वाऱ्याने धूळ आणून टाकली होती, तिथेच पाणी मुरले होते आणि तिथेच बी अडकले होते. खडक फुटलेला नसता तर ते रोप जगलेच नसते. बायबलमध्येही देवाचे तेज समोरून जात असताना मोशेला खडकाच्या भेगेतच ठेवले होते, हे तुम्हांला आठवत असेल.

आपल्या घरात जे तडकले आहे, ते आपण झाकून ठेवतो. लोक काय म्हणतील म्हणून रविवारी चांगले कपडे घालून येतो आणि हसून निघून जातो. पण ज्या रात्री झोप येत नाही, ज्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नाही, तीच आपली भेग असते. देवाचे वचन आपल्या गुळगुळीत भागावरून घरंगळून जाते आणि तिथे जाऊन अडकते. त्या जागी देवाला येऊ द्या. कुमसाराला या तेव्हा तीच जागा उघडी करा. संत पौल आज म्हणतात की सारी सृष्टी प्रसूतिवेदनांत कण्हत आहे. आपले कण्हणे त्यातलेच एक आहे आणि देवाला ते ऐकू येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, म्हणजे कुणाचा गैरसमज होणार नाही. खडकावर जगता येते याचा अर्थ मार खात राहावे असा नाही. त्या म्हाताऱ्यांनी आम्हांला सांगितले की हिवाळ्यात पावसाचे पाणी साचून नाजूक उशा कुजतात, म्हणून काही रोपांवर ते काचेचे तावदान धरतात. डोंगरावर बऱ्याच जागी बर्फच हे काम करतो. यशया संदेष्ट्याने आज पावसाबरोबर बर्फाचाही उल्लेख केला आहे. आपण इथे बर्फ पाहत नाही, पण तिथल्या रोपांना तो हिवाळाभर पांघरूण होतो आणि वितळला की पाणी होतो. रोपावर छप्पर धरणारा माळी देवावर अविश्वास दाखवत नसतो. दारू हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखे गट पुष्कळांना आधार देत आले आहेत. घरात मारहाण होत असेल तर बाहेर पडून मदत मागणे हे पाप नाही. धर्मगुरूंच्या घराचे दार तुमच्यासाठी उघडे आहे, रात्रीसुद्धा.

तिसरी गोष्ट आमच्या चुकीची. "तुमच्या खताने तिला काय झाले, ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. भरपूर खतपाणी मिळाले की उशी सैल होते. तुरे लांबतात, मऊ पडतात, त्यांच्यामध्ये पाणी अडकते आणि बुरशी धरते. वरून टवटवीत, आतून कूज. पाणी द्यायचेच तर उशीच्या डोक्यावर न ओतता बाजूने द्यायचे, मुळापाशी. बुंध्याभोवती खडीचा थर ठेवायचा, म्हणजे मान कोरडी राहते आणि पाय ओले.

आईवडिलांनो, हे आम्ही स्वतःला सांगत सांगत तुम्हांला सांगत आहोत. आपण कष्टांत वाढलो, आपल्या मुलांना झळ लागू नये, ही इच्छा चांगली आहे. पण मागण्याआधी मोबाईल, दहावी झाली की मोटरसायकल, 'नाही' हा शब्द कानांवर न पडलेला, हे डोक्यावरून घातलेले पाणी आहे. मुळापाशी काय गेले? मुलाने आपल्या वडिलांना गुडघे टेकलेले कधी पाहिले आहे का? चुकल्यावर आई माफी मागते, हे त्याला ठाऊक आहे का? आम्ही धर्मगुरूही याच वाटेने जातो. सणाची रोषणाई, नाटक, स्पर्धा, सहल यांनी पॅरिश तजेलदार दिसते आणि आम्ही मनात खूश होतो. आत काय चालले आहे ते दहा-बारा दिवसांनी कळते.

आणि शेवटची गोष्ट, जी आम्हांला त्या डोंगरावर सर्वांत सुंदर वाटली. त्या गुलाबी उशीच्या मधूनच गवताची दोन-तीन पाती वर आली होती आणि दुसऱ्याच कुठल्यातरी रोपाची चार पाने होती. आम्ही विचारले, "हे तण काढायचे का?" ते हसले. उशीची वाळलेली पाने गळून जात नाहीत, आतच राहतात आणि त्यांची माती होते. ती माती ओल धरते. ऊन पडले की उशीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा चांगलीच ऊब असते. म्हणून ज्यांना उघड्या खडकावर जगता येत नाही अशी दुसरी रोपे तिच्यात आसऱ्याला येतात. आपल्या हिमालयातही अशा उशा आहेत. १९२१ साली एव्हरेस्टच्या पहिल्या शोधमोहिमेत डॉ. वॉलस्टन यांना ६१८० मीटर उंचीवर याच धर्तीचे एक रोप आढळले होते. इतक्या उंचीवर, इतके बुटके, आणि तरी देवाने त्याला फूल दिले आहे.

बंधुभगिनींनो, आता त्या मावशींकडे परत येऊ. या तीन वर्षांत त्यांच्या घरातला खडक कुठे गेलेला नाही. घरधन्यांचे पिणे कमी झाले, पुन्हा वाढले, सध्या उपचार चालू आहेत. मुलगा थोडे बोलतो. पण रोज संध्याकाळी त्या दारात बसून एकट्याच रोझरी म्हणत. पहिल्या वर्षी शेजारच्या आळीतली एक बाई येऊन बसली. तिच्या घरीही तेच दुखणे. मग आणखी एक आली. आता तिथे पाच बाया जमतात. त्यातली एक आम्हांला म्हणाली, "फादर, तिथं गेलं की ऊब मिळते." मावशींना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. "मी काय करते? मी नुसती बसते," त्या म्हणाल्या.

मावशी, तुम्ही त्या दिवशी विचारलेत, खडकावर देवाचे बी रुजेल का. ते रुजले आहे. तुम्ही मुळाशी होता म्हणून तुम्हांला फूल दिसले नाही. आता त्यात दुसरी रोपे येऊन राहू लागली आहेत.

त्या कुजलेल्या उशीचे पुढे काय झाले, हे आम्हांला विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. त्या गृहस्थांनी मधला मेलेला भाग चिमट्याने काढून टाकला आणि खळगा बारीक खडीने भरला. मग कडेचे निरोगी तुरे एकेक करून खुडले. अकरा निघाले. ते त्यांनी ओल्या वाळूच्या कुंडीत खोचले, सावलीत ठेवले, आणि एक तुरा आमच्या हातून खोचून घेतला. दोन वर्षांनी मार्च महिन्यात त्यांचे पत्र आले. अकरापैकी सात जगले होते आणि त्यांतल्या एकाला फूल आले होते. कोणता तुरा आमचा, ते त्यांनी लिहिले नव्हते. ते आम्हीही विचारले नाही.

(एक विनंती: ही रोपे मागवू नका. आपल्या उकाड्यात आणि पावसात ती एक मोसमही टिकायची नाहीत. आपल्याला मोगरा दिला आहे, तोच नीट सांभाळू या.)

या आठवड्यात आपण सर्वांनी तीन गोष्टी करू या. एक, घरातल्या सर्वांनी मिळून, टीव्ही बंद करून, रोझरीचे निदान एक दशक म्हणू या. दोन, जी भेग आपण कुणालाच दाखवलेली नाही, ती प्रार्थनेत देवापुढे उघडी करू या. तीन, आपल्या आळीतल्या एका खडकाळ घरी जाऊ या. उपदेश करायला नको. नुसते बसू या.

प्रार्थना करू या:

हे पेरणाऱ्या प्रभू, तू हात आखडता न घेता वाटेवर, काट्यांत आणि खडकावरही बी टाकतोस. आमच्या घरातला खडक तुला ठाऊक आहे. त्याला जिथे तडा गेला आहे तिथे तुझे वचन पडू दे. फुलांची घाई आमच्यापासून दूर कर आणि आम्हांला खोल मूळ दे. आमच्या मुलाबाळांना मुळापाशी पाणी घालायला शिकव. आणि ज्यांना कुठेच थारा नाही, त्यांना आमच्यापाशी ऊब मिळू दे. हे आम्ही आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे मागतो. आमेन.